आईची बंद मूठ

२६ जुलै २००५. मंगळवार होता. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे मेली. आम्ही तेव्हा कुर्ल्याला, मिठी नदीच्या काठच्या एका बैठ्या वस्तीत राहत होतो. मी फोर्टातल्या कचेरीत अडकले होते. रात्रभर टेबलावर फायलींची उशी करून पडले. घरी आई एकटी होती.

खरे म्हणजे एकटी नव्हती. शेजारची बाई कामावरून परतली नव्हती आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा आईजवळ होता. दुपारी चारच्या सुमारास पाणी उंबऱ्यावरून आत आले. तासाभरात ते छातीला लागले. गल्लीच्या टोकाला एकमजली इमारत होती, तिच्या जिन्यापर्यंत पोरांनी दोर बांधला होता. डाव्या हातात दोर आणि उजव्या हातात मुलाचे मनगट धरून आई निघाली. मध्येच मागची कंपाउंडची भिंत कोसळली, पाण्याचा लोंढा आला आणि मुलाचा हात सुटला. तिसऱ्या दिवशी तो सापडला.

एवढेच मी लिहिणार आहे. आईने सुद्धा पुष्कळ वर्षे याच्या पलीकडे एक शब्द सांगितला नव्हता. पण वाचक बंधू-भगिनींनो, तिच्या तोंडाने जे सांगितले नाही ते तिचा उजवा हात रोज सांगत होता. झोपेत तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली असायची, इतकी की सकाळी तळव्यावर नखांचे चार चंद्र उमटलेले दिसत. पाऊस सुरू झाला की त्या हाताला मुंग्या येत, हातातले भांडे खाली पडे. मे महिना संपत आला की ती रेशनकार्ड, जातीचा दाखला, माझी बी. कॉम.ची मार्कशीट आणि वडिलांचा एकुलता एक फोटो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटावर ठेवायची. ते आम्ही शहाणपण समजत होतो. पण रात्री दोन वाजता उठून ती पिशवी चाचपून पाहणे हे शहाणपण नव्हते.

मी डॉक्टर नाही. एका कचेरीत लिपिक आहे आणि उरलेल्या वेळात वस्तीत आणि महिला मंडळात काम करते. हा लेख उपदेशासाठी लिहीत नाही. आमच्या घरात जे चुकले आणि जे थोडेबहुत जमले ते सांगावे, कारण असा एखादा माणूस आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात बसलेला असतो आणि आपण त्याला 'चिडका', 'घाबरट' किंवा 'अंगचोर' म्हणून मोकळे होतो.

पहिली दोन वर्षे आम्ही हाताच्याच मागे लागलो. एक्स-रे काढला, तो चांगला आला. नाक्यावरच्या दवाखान्यात 'शिरेचा दोष' म्हणून तेल आणि ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. शेजारणी म्हणाल्या, 'पाण्याची बाधा आहे, उतरवून टाका.' कुणीतरी एका बुवाचा पत्ताही आणला. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मुलगी, मी तो पत्ता फाडून टाकला आणि वर चार शब्द सुनावले. आज वाटते, पत्ता फाडला ते बरोबर केले, सुनावले ते चुकले. कारण त्या बायकांना काहीतरी झाले आहे एवढे तरी दिसत होते. मला तेही दिसत नव्हते. आणि एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी आईला, 'मागच्या जन्मीचे काहीतरी असेल, भोगून संपवायचे' असे सांगितले, तेव्हा मात्र मी गप्प बसले नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते ही समजूत साफ नाकारली आहे. आईच्या हातून मूल सुटले ते भिंत पडली म्हणून. नदीचे पात्र बुजत गेले आणि नाले तुंबले म्हणून पाणी चढले. आईच्या कोणत्याही जन्माचा त्यात दोष नाही.

आता माझी चूक सांगते. २००८ च्या जानेवारीत मी आईला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून आहे, आपल्या समाजातली हजारो माणसे अशा शिबिरांना जाऊन आली आहेत आणि पुष्कळांचे दारू-तंबाखूपासून रागापर्यंत बरेच काही सुटलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. दानावर चालणारे काम, फी नाही, जात विचारत नाहीत. मला वाटले, आईला यासारखे औषध नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर मानसिक आजार, झोपेची तक्रार, चालू औषधे यांचे रकाने होते. फॉर्म भरणे हा माझा धंदाच आहे. मी त्या रकान्यांत सरळ 'नाही' लिहिले. आजार आहे असे मानायचीच माझी तयारी नव्हती, आणि लिहिले तर प्रवेश मिळणार नाही ही भीतीही होती.

शिबिरात पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकाच्या टोकाशी येणारा-जाणारा श्वास पाहणे. पूर्ण मौन. दिवसाचे सुमारे दहा तास डोळे मिटून बैठक. दुसऱ्या रात्रीपासून आईला डोळे मिटले की पाणी दिसू लागले. श्वासाकडे लक्ष नेले की तो अडकू लागला, कारण शेवटचा श्वासाकडे लक्ष गेले होते तेव्हा पाणी हनुवटीला लागलेले होते. बोलायचे नाही म्हणून तिने कुणाला सांगितले नाही. चौथ्या दिवशी ती हॉलमध्ये ओरडून उठली. तिथल्या सेविकांनी तिला फार प्रेमाने सांभाळले आणि मला फोन केला. केंद्राचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी विचारले होते, खोटे मी लिहिले होते. घरी आणल्यावर तीन आठवडे आई झोपली नाही. 'एवढं तथागताचं नाव घेतलं तरी मला शांती नाही, म्हणजे मीच वाईट', हे वाक्य तिने जेव्हा म्हटले तेव्हा माझे डोळे उघडले.

मग महापालिकेच्या रुग्णालयात गेलो. दहा रुपयांचा केसपेपर काढून मानसोपचार विभागासमोर बसलो. (त्या बाकावर बसताना ओळखीचे कुणी पाहत नाही ना, म्हणून मी पदर डोक्यावर घेतला होता. मोर्चात पुढे असणारी मी!) डॉक्टरीणबाईंनी आईला एकच प्रश्न आधी विचारला, 'मावशी, पाऊस आला की अंगाला कुठं काय होतं?' पुराबद्दल काही विचारले नाही. आईने उजवा हात पुढे केला.

तिच्या दुखण्याला इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी म्हणतात, मराठीत आघातानंतरचा ताण-विकार. हे नाव फार जुने नाही. व्हिएतनामच्या लढाईतून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूच्या डॉक्टरांनी आवाज उठवला, अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या चळवळीनेही हा प्रश्न पुढे आणला, तेव्हा १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या अधिकृत यादीत ते आले. दुःखाला नाव मिळवायलासुद्धा संघटित व्हावे लागते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगातल्या सुमारे ७० टक्के माणसांवर आयुष्यात कधी ना कधी असा प्रसंग येतो, मात्र त्यांच्यापैकी सुमारे ५.६ टक्क्यांनाच हा विकार जडतो. म्हणजे बहुतेक माणसे आपोआप सावरतात. पण ज्याला तो जडतो तो माणूस कमकुवत नसतो. प्रसंग किती भयानक होता, नंतर आधार मिळाला की नाही, अशा पुष्कळ गोष्टींवर ते अवलंबून असते.

तिथल्या समाजसेविकाताईंनी आम्हाला जे समजावले ते मी माझ्या भाषेत मांडते. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका दिसला की विचार करणाऱ्या मेंदूची वाट न पाहता तो भोंगा वाजवतो. ॲड्रेनालिन रक्तात उतरते, छाती धडधडते, पोटाचे काम थांबते, हातापायांत रक्त धावते. पळा किंवा लढा. दोन्ही शक्य नसेल तर अंग गारठून थिजते. धोका टळला की भोंगा थांबायला हवा. काही माणसांचा तो थांबत नाही. कचेरीत आलेला कागद आवक बारनिशीत नोंदला, त्यावर तारखेचा शिक्का बसला की तो जुना होतो, फायलीत जातो. शिक्का न बसलेला कागद मात्र टेबलावरच राहतो आणि दर वेळी आजच आल्यासारखा वाटतो. आईच्या आठवणीवर २००५ चा शिक्का बसलाच नव्हता. पत्र्यावर पाऊस वाजला की तिच्या शरीरासाठी तो मंगळवारच असायचा. म्हणून 'झालं गेलं विसर' हे सांगणे फुकट होते. तिचे डोके तर ते कधीच मान्य करून बसले होते. हाताला कोण सांगणार?

औषधे दीड वर्ष चालली, त्याबद्दल मला कसलीही लाज नाही. मधुमेहाची गोळी घेतो तशी ती गोळी. पण त्याबरोबर शरीराकडून मनाकडे जाण्याचे जे साधे अभ्यास ताईंनी शिकवले, ते सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

पहिला नियम, डोळे उघडे. आईने भिंतीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसायचे आणि खोलीतल्या पाच वस्तू मोठ्याने सांगायच्या. 'तवा. कॅलेंडर. बाबासाहेबांचा फोटो. बादली. माझ्या लेकीची चप्पल.' मग कानाला येणारे आवाज. मग अंगाला लागणाऱ्या गोष्टी, लादीचा गारवा, पाठीला भिंत. आम्हाला पहिल्यांदा हसू आले. मुलांचा खेळ वाटला. पण शरीराला कळते ते असेच, की आपण आज, या खोलीत, कोरड्या जमिनीवर आहोत.

दुसरे, श्वास नको. हे ऐकून मला धक्काच बसला, कारण ध्यान म्हणजे श्वास असेच मी समजत होते. ताई म्हणाल्या, बहुतेकांना श्वासाचा आधार चांगला असतो, पण जो माणूस बुडता बुडता वाचला, ज्याचा गळा कुणी दाबला, जो धुरात अडकला, त्याला श्वासच घाबरवू शकतो. अशा माणसाने तळपायाकडे लक्ष ठेवावे, नाही तर हातातल्या कपाच्या उबेकडे. पुढे २०१८ साली डेव्हिड ट्रेलीव्हन या लेखकाचे आघात सोसलेल्यांच्या ध्यानाविषयीचे पुस्तक आले, त्यातही हेच आग्रहाने मांडले आहे. ध्यानाने जखम उघडी पडू शकते, तेव्हा आधार बदला, डोळे उघडा, थांबा. आमच्या आईला कुणी हे २००८ च्या जानेवारीत सांगायला हवे होते, पण मग माझा फॉर्मही खरा असायला हवा होता.

तिसरे, मूठ. मी समजत होते, ती उघडायला शिकवतील. ताईंनी ती मिटायला शिकवली! आईने मुद्दाम, आपल्या मर्जीने मूठ आवळायची, मनगट, कोपर, खांदा कुठपर्यंत ताण जातो ते पाहायचे, आणि मग एकेक बोट सावकाश सोडायचे. करंगळीपासून सुरुवात. एका वेळी चार-पाचदा, जास्त नाही. जो हात तीन वर्षे आपोआप मिटत होता तो आता तिच्या हुकमाने मिटू आणि उघडू लागला. एकदा असे करताना तिचा हात खांद्यापासून थरथरायला लागला. मी घाबरून धरायला गेले तर ताईंनी मला थांबवले. 'थरथरू दे. पाय जमिनीवर आहेत ना, बघा फक्त.' दोन मिनिटांनी थरथर थांबली आणि आईला मोठी जांभई आली. त्या रात्री ती पाच तास सलग झोपली.

आघात शरीरात कसा अडकून राहतो यावर पीटर लेव्हिन या अमेरिकन तज्ज्ञाने बराच विचार मांडला आहे. आठवणीत एकदम उडी मारू नये, काठाला हात लावून परत यावे, पुन्हा थोडे जावे, अशी त्याची रीत. कुकरची सगळी वाफ एकदम काढायला गेलो तर वरणाबरोबर तोंडही भाजते, तसेच हे. त्याच्या पद्धतीचे शास्त्रीय पुरावे अजून थोडेच आहेत. शरीराच्या अभ्यासाचा एक नीट केलेला प्रयोग मात्र सांगण्यासारखा आहे. बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रियांना घेऊन केलेला हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या स्त्रियांना दहा आठवडे, आठवड्यातून एक तास, सौम्य योगासने शिकवली, बाकीच्यांना तेवढाच वेळ आरोग्याची माहिती दिली. शेवटी पहिल्या गटातल्या सुमारे निम्म्या स्त्रियांना हा विकार आहे असे म्हणण्यासारखी लक्षणे राहिली नव्हती, दुसऱ्या गटात असे प्रमाण २१ टक्के होते. हा जादूचा आकडा नाही. निम्म्या बऱ्या झाल्या म्हणजे निम्म्या झाल्या नाहीत. समुपदेशन आणि औषधे यांना बाजूला सारून फक्त आसने करा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

हे सगळे ऐकताना मला राहून राहून वाटत होते, हे कुठेतरी वाचले आहे. घरी येऊन सतिपट्ठान सुत्ताचे मराठी भाषांतर काढले. तिथे कायेच्या निरीक्षणात नुसता श्वास नाही. चालणे, उभे राहणे, बसणे, आडवे होणे आहे. हातपाय आखडताना आणि पसरताना भान ठेवणे आहे, खाता-पिताना आहे, अगदी शौचाला बसतानासुद्धा आहे. आम्ही मात्र ध्यान म्हणजे मांडी घालून डोळे मिटणे एवढेच धरून बसलो होतो. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सजगतेचा वर्ग सुरू केला तो बौद्ध साधनेतूनच घेऊन. आता तो जगभरच्या दवाखान्यांत गेला आहे. आपल्या आजीची गोधडी दुकानातून महागात विकत आणावी तसे झाले. पण विकणाऱ्याने ती धुऊन, कुठे शिवण उसवली आहे तेही तपासून ठेवली, हेही मान्य करायला हवे.

तेव्हा आम्ही उसनवारी करून पहिल्या मजल्यावर खोली भाड्याने घेतली होती. तिथल्या गॅलरीत आई संध्याकाळी चंक्रमण करू लागली. टोकापासून टोकापर्यंत चौदा पावले. पाऊल उचलले, पुढे नेले, टेकले. शेजारच्या पोरी विचारायच्या, 'आजी, काय हरवलं का?' ती म्हणायची, 'नाही गं, सापडतंय.' तांदूळ निवडताना ती एकेक खडा बोटाला कसा लागतो ते पाहायची. हळूहळू, दुसऱ्या वर्षी, श्वासही तिच्याजवळ आला. तोही पाहण्यासाठी नव्हे, सोडण्यासाठी. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, ही शरीराचीच रचना आहे. म्हणून घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की धडधड उतरते. गरम चहावर फुंकर घालतो तशी लांब फुंकर घालायची, बस्स.

२००९ च्या वर्षावासात विहारात भन्तेजींनी पटाचारेची कथा सांगितली. श्रावस्तीच्या सावकाराची ही मुलगी. वाटेत नवरा साप चावून मेला. पुढे नदीला पूर. तान्हे बाळ पैलतीरावर ठेवून ती थोरल्याला आणायला परत फिरली, तर घार बाळावर झडप घालत होती. तिला हाकलायला पटाचारेने नदीच्या मध्यावर हात उंचावून आरडाओरडा केला, आणि ऐलतीरावरच्या थोरल्याला वाटले आई बोलावते आहे. तो पाण्यात उतरला. दोन्ही मुले गेली. माहेरी यावे तर वादळात घर कोसळून आईवडील आणि भाऊ गेलेले. अंगावरच्या वस्त्राचे भान नसलेली ती जेतवनात आली तेव्हा लोक तिला अडवू लागले. तथागतांनी अडवू दिले नाही. आणि लक्षात घ्या, त्यांनी तिला आधी अनित्यतेचे प्रवचन दिले नाही. आधी तिला भानावर यायला सांगितले. भान आल्यावर तिला कळले की अंगावर वस्त्र नाही, कुणी तरी आपले वस्त्र तिच्याकडे टाकले, ती ते गुंडाळून बसली. मग धम्म. हीच पटाचारा पुढे विनयात अग्रणी भिक्खुणी झाली.

मी आईकडे पाहिले. ती रडत होती. चार वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहत होते. घरी येताना म्हणाली, 'तिचापण हात रिकामाच राहिला की गं.' आणि त्या रात्री, चहाचा कप दोन्ही हातांत धरून, पाय जमिनीवर ठेवून, तिने मला त्या दिवसाची सगळी हकीकत सांगितली. मुलाच्या शर्टाचा रंगसुद्धा सांगितला.

आता आपल्या चळवळीतल्या मित्रांशी दोन शब्द. 'ध्यानाला बसून अन्याय जातो काय?' असा प्रश्न मला भर सभेत विचारला गेला आहे. जात नाही. श्वास सोडून नाल्यातला गाळ निघत नाही आणि पावले मोजून गुन्हेगाराला शिक्षा होत नाही. विहारात डोळे मिटून बसणारे काही जण मोर्चाच्या दिवशी दिसत नाहीत, हेही मला माहीत आहे आणि त्याचा रागही येतो. पण उलट बाजूही पाहा. गावात अत्याचार झाला की आपण धावतो. फिर्याद, पंचनामा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, मदतीचा धनादेश, निवेदन, फोटो. मीही धावले आहे. त्या घरातली मुलगी रात्री झोपते का, तिला घास गिळतो का, दारावर थाप पडली की तिचे काय होते, हे मी कधी विचारले? एकदाही नाही. उलट तिने तीच हकीकत पोलिसांना, वकिलाला, पत्रकाराला आणि आम्हा कार्यकर्त्यांना दहादा सांगावी असा आग्रह धरला. प्रत्येक वेळी तिचे शरीर त्या जागी परत जात असणार. आता मी अशा घरात गेले की आधी पाणी मागते, तिला पाय टेकवून बसवते, खिडकी-दार कुठे आहे ते दिसेल अशी जागा देते आणि 'नको वाटलं तर थांबू' म्हणते. जबाबही त्यामुळे जास्त नीट होतो, असा माझा अनुभव आहे.

२०११ पासून आमच्या विहारात रविवारी दुपारी बायका बसतात. पंधरा-वीस जणी. कुणाला नवऱ्याच्या माराचा आघात, कुणाला झोपडी तोडल्याचा, एक जण अपघातात पोर गमावलेली. आम्ही उपचार करत नाही. ते आमचे काम नाही. पाय टेकणे, पाच वस्तू, मूठ, चंक्रमण, फुंकर आणि चहा. कुणाची झोप महिनाभर उडाली असेल, कुणी जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. सरकारी टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. हा नंबर विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे. ज्याला ताजा आघात आहे त्याला लांबच्या शिबिराला पाठवताना आम्ही आता फॉर्म चारचौघींत बसून भरतो.

आई पूर्ण बरी झाली का? लोक विचारतात. २०२० च्या टाळेबंदीत तोंडावर मास्क आला आणि तिचा श्वास पुन्हा अडकू लागला, तेव्हा आम्ही तळपायापासून परत सुरुवात केली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी अजून रजा टाकते. कागदांची पिशवी कपाटावर आहेच. पण रात्री ती उठून चाचपत नाही, आणि सकाळी तळव्यावरचे चंद्र वर्षातून एखाद-दोनदाच दिसतात.

त्या मुलाची आई पुरानंतर बदलापूरकडे राहायला गेली होती. तिने कधी दोष दिला नाही, पण दोघी एकमेकींसमोर येत नव्हत्या. गेल्या पावसाळ्यात ती एका रविवारी विहारात आली. कुणाकडून कळले कुणास ठाऊक. मागच्या रांगेत बसली. आईने तिला पाहिले, थोडा वेळ दोन्ही तळवे लादीवर टेकवून तशीच राहिली. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांना म्हणाली, 'चला, पाय खाली ठेवा. डोळे उघडेच ठेवा गं.'

चहाच्या वेळी मी किटली घेऊन फिरत होते. त्या दोघी भिंतीला टेकून शेजारी बसल्या होत्या. बोलत नव्हत्या. बाहेर पाऊस लागला होता.